उतरू का, मास्तर?

फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजत आले होते आणि मी किहीमला आमच्या घराच्या ओटीवर सुपारी सोलत बसलो होतो. बसलो होतो म्हणायचं एवढंच. हात चालत नव्हता, लक्ष घड्याळाकडे होतं. गेली तीन वर्षं रोज दहाच्या ठोक्याला मी हिराजीच्या गॅरेजमध्ये जाऊन बसायचो. त्या दिवशी गेलो नव्हतो, आदल्या दोन दिवशीही गेलो नव्हतो. मुद्दाम गेलो नव्हतो. आणि खोटं कशाला बोलू, मनातून मला बरंही वाटत होतं. आता येईल झक मारत, असं चाललं होतं डोक्यात... फोनवर गॅरेजशेजारचा टायरवाला होता. एरवी तो बोलायला लागला की कानापासून फोन लांब धरावा लागतो. त्या दिवशी तो मोजकंच बोलला. "मास्तर, हिराजीशेठच्या खड्ड्यात आग झाली. त्याला गाडीत घालून अलिबागला नेलाय. तुमचीच गाडी होती वर."

अलिबागहून त्याला नवी मुंबईला हलवलं आणि चौथ्या दिवशी तो गेला. त्याला आता सात आठवडे झाले. हिराजी आगीत गेला हे चोंढीपासून रेवसपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं, लोकांनी हळहळून घेतलं आणि जो तो आपापल्या कामाला लागला. पण मुळात एवढा जाणता माणूस त्या खड्ड्यात उतरलाच कसा, हे फक्त दोघांना ठाऊक आहे. एक मी आणि दुसऱ्या त्याची बायको, मंदावहिनी. वहिनींना विचारून हे लिहितो आहे. "लिवा," त्या म्हणाल्या, "न्हायतर लोक म्हनतील, म्हातारा झाला, चुकला."

हिराजी आणि मी शाळेत एका बाकावर होतो. मी किहीमच्या वाडीवाल्यांचा मुलगा, तो रेवसकडच्या मिठागरावरचा. वर्गात त्याचं गणित बेताचं, पण नाक असं की मास्तरांच्या डब्यात काय आहे ते तो डबा उघडायच्या आधी सांगायचा आणि त्यापायी त्यानं मारही पुष्कळ खाल्ला. भरती लागली की ओहोटी हे तो खाडीकडे न बघता सांगे. म्हणे, चिखलाचा वास बदलतो. दहावीनंतर मी अलिबागला कॉलेजात गेलो आणि तो आधी मुंबईला, मग न्हावा शेव्याचं बंदर सुरू झाल्यावर तिथं, कंटेनरच्या ट्रेलरखाली. तिथं वीसेक वर्षं ग्रीस-ऑइलमध्ये काढून तो परतला आणि चोंढीहून रेवसला जाणाऱ्या रस्त्यावर, घराच्या पुढच्या अंगाला, स्वतःचं गॅरेज घातलं. मी तोवर हायस्कूलात विज्ञान शिकवण्यात मुरलो होतो. "तू मास्तर झाला ते बरं झालं," तो म्हणाला, "आता तुज्या डब्यात काय हाय ते सांगितलं तर मार न्हाय मिलनार."

गाडी आली की तो आधी बॉनेट उघडत नसे. हात पाठीमागे बांधून गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालायचा, दोन ठिकाणी वाकायचा, आणि मग म्हणायचा, कूलंट गळतंय, किंवा क्लच जळलाय, किंवा मागच्या सीटखाली उंदीर मेलाय. समुद्रकाठच्या बंगल्यांचे मालक मुंबईहून यायचे तेही हा खेळ बघायला थांबायचे. आमच्या भागात त्याला 'नाकवाला' म्हणत आणि ते त्याला मनापासून आवडे. त्यानं पाटीवर ते नाव तेवढं लिहून घेतलं नव्हतं.

आता मला वाचकांना एका गाडीतल्या पिवळ्या दिव्याबद्दल सांगावं लागणार आहे. स्मृतिलेखात असलं कोणी लिहीत नाही, पण हिराजीबद्दल दुसरं कसं सांगावं मला कळत नाही. निवृत्त व्हायच्या चारेक वर्षं आधी मी एक जुनी परदेशी गाडी घेतली. किहीमच्या एका बंगलेवाल्याची होती आणि त्यानं ती जवळजवळ माझ्या गळ्यातच मारली. कारण काय, तर समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा विझत नव्हता. मुंबईतल्या दोन गॅरेजांनी त्या दिव्यापुढे हात टेकले होते. हिराजीनं आपलं मोबाईलएवढं यंत्र गाडीला जोडलं, त्यावर एक अक्षर आणि चार आकडे उमटले, आणि तो खूश झाला. "पेट्रोलच्या वाफेची भानगड हाय," म्हणाला. मग मला, विज्ञानाच्या मास्तराला, खडूनं जमिनीवर काढून दाखवलं. टाकीतल्या पेट्रोलची सतत वाफ होते. ती उघड्यावर जाऊ द्यायची नसते, म्हणून टाकीशेजारी कोळशाचा एक डबा असतो, तो वाफ शोषून धरतो. इंजिन सुरू झालं की डब्यातली वाफ ओढली जाते आणि जळते. ही सगळी वाट बंद आहे की कुठं फुटली, तुंबली आहे, हे अशा गाड्या स्वतःच तपासून बघतात. शंका आली की दिवा लावतात. "टाकीनं ढेकर द्यायचा न्हाय," तो म्हणाला, "दिला तर कोलशानं गिलायचा. तुज्या गाडीचा ढेकर कुठं तरी अडलाय."

"यंत्र काय ते सांगत नाही?" मी विचारलं.

"यंत्र गाव सांगतं, मास्तर. घर आपन शोधायचं."

आणि त्यानं घर शोधलं ते खरोखरचं घर निघालं. कोळशाच्या डब्याला बाहेरची हवा घ्यायला एक नळी असते. बंगल्याच्या आवारात गाडी महिनोन् महिने उभी होती, तेवढ्यात कुंभारीण माशीनं त्या नळीत मातीचं घरटं बांधून टाकलं होतं. हिराजीनं नळीला तोंड लावून फुंकर मारली, पलीकडे हवा गेली नाही. मग तारेनं कोरून ती वाळकी माती त्यानं माझ्या तळहातावर ठेवली. दिवा विझला. त्या गाडीवर मग त्याचा जीवच बसला. खाऱ्या वाऱ्यानं तिला काही ना काही व्हायचंच. कधी झाकणाचं रबर कडक व्हायचं, कधी एखादी नळी चिरायची, दिवा लागायचा आणि मी चोंढीला हजर व्हायचो. त्याची तपासायची रीत ठरलेली होती आणि त्यात तो तसूभर बदल करत नसे. पहिलं टाकीचं झाकण काढायचं, रबराचं कडं बोटानं फिरवून बघायचं. मग पेट्रोल भरायची मान, म्हणजे झाकणापासून टाकीपर्यंत जाणारा नळ. मग डबा, मग नळ्या, आणि शेवटी हे सगळं नाकानं पुन्हा एकदा. माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट असायची, ती म्हणजे शिव्या. कारण पंपावर नळीचा खटका आपोआप बंद झाला तरी मी पोराला "अजून थोडं, गळ्यापर्यंत" म्हणायचो. लहानपणी वाडीवरच्या पंपासाठी रॉकेल आणायचो ते डबा गळ्यापर्यंत भरून घेत. पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नसायचा. ती सवय सुटली नाही. "अरे, असं भरलंस की पेट्रोल सरल कोलशाच्या डब्यात जातं," तो ओरडायचा. "वाफेसाठी ठेवलेला डबा हाय तो, पेट्रोल प्यायला न्हाय." मी कानाला खडा लावायचो आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच करायचो.

खड्ड्याबद्दल मात्र तो थट्टा करत नसे. गॅरेजच्या मध्यावर माणूसभर खोल, लांबट खड्डा होता. गाडी वर उभी करून खाली उतरायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात उतरते आणि पाण्यासारखी साचून राहते. दिसत नाही. म्हणून खाली पाय ठेवण्याआधी तो खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकायचा, डोकं आत घालायचा आणि श्वास ओढायचा. जरा शंका आली तरी गाडी ढकलून बाहेर, आणि तासभर चहा. दिव्याचं बटणसुद्धा दाबू द्यायचा नाही. न्हावा शेव्याला त्यानं एकाला जळताना पाहिलं होतं, एवढंच मला माहीत होतं; त्यावर तो कधी जास्त बोलला नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघं नवराबायको आजारी पडली आणि उठलीही. वहिनी महिन्याभरात ठणठणीत झाल्या. हिराजीही तसा बरा दिसत होता. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो, सहज म्हणून गॅरेजवर गेलो. तो एका गाडीला टेकून चहा पीत उभा होता आणि त्याच्या पायापाशी, त्याच गाडीखालून, पेट्रोल थेंबथेंब टपकत होतं. मला दारातच वास आला. "अरे, केवढा वास मारतोय!" मी म्हणालो. त्याचा चेहरा असा झाला की मी तो विसरणार नाही. त्यानं विचारलं, "कुठून?"... नाकवाला हिराजी मला विचारत होता, कुठून. मग शटर अर्धं ओढून त्यानं सांगितलं. आजारात वास गेला तो आलाच नव्हता. ना पेट्रोल, ना ग्रीस, ना खाडी. सुकट भाजलेली कळत नाही, म्हणाला, ताटात रंग बघून वहिनींना 'झकास' म्हणतो. बोलताबोलता रडायला लागला. साठीला आलेला तो आडदांड माणूस फडक्यानं तोंड पुसत होता आणि ते फडकं ऑइलचं होतं, तेही त्याला कळत नव्हतं.

"मंदाला सांगू नको," त्यानं मला शपथ घातली. "ती उद्याच्या उद्या शटर ओढंल. मना उरनला भावाच्या ट्रान्सपोर्टात बसवंल, पावत्या फाडायला." गिऱ्हाइकांना कळलं तर तेही पांगणार, ही भीती होतीच, पण मला वाटतं, त्याला खरी लाज घरातच होती. मी गप्प राहायचं कबूल केलं. आणि मग एकमेकांशी फार काही न बोलता आमची एक रीत पडली. मी रोज दहाला जायचो. शाळेनं निरोपाला दिलेलं एक लाकडी स्टूल होतं, ते मी तिथं नेऊन ठेवलं. गाडी आली की हिराजी हात मागं बांधून आपली जुनी प्रदक्षिणा घालायचा, गिऱ्हाईक बघत राहायचं, आणि मी आपला वर्तमानपत्र काखेत मारून स्टूल इकडून तिकडे सरकवायचो. ज्या चाकापाशी मी बसेन तिथं गळती. तीन वर्षांत कोणाला पत्ता लागला नाही. एकदा एका बंगलेवाल्या बाई म्हणाल्या, हे मास्तर किती अस्वस्थ असतात हो! त्या गेल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो.

खड्ड्याचं काम आलं की मात्र हसणं नाही. मी काठावर गुडघे टेकायचो, डोकं आत घालायचो आणि श्वास ओढायचो, अगदी तो करायचा तसं. तो शेजारी उभा राहून विचारायचा, "उतरू का, मास्तर?" मी 'उतर' म्हणालो तर उतरायचा. 'थांब' म्हणालो तर गोणपाट घेऊन वारा घालत बसायचा, आणि पुन्हा विचारायचा. कधीकधी मी चिडून म्हणायचो, अरे किती विचारशील, काही वास नाही. "तू उतर म्हन," तो म्हणायचा. नुसतं 'वास नाही' त्याला चालत नसे. निवृत्त माणसाला लोक विचारतात, हल्ली काय करता? मी म्हणायचो, काही नाही. पण तसं नव्हतं. माझ्या एका शब्दावर एक माणूस जमिनीखाली उतरत होता. पस्तीस वर्षं शिकवलं, पण इतकं कामाला आल्यासारखं मला वर्गात कधी वाटलं नाही.

हे असंच चाललं असतं. पण या पावसाळ्यात एका दुपारी मी त्याच्या घरी गेलो. वहिनी उरणला माहेरी गेल्या होत्या. पायरीवरच मला गॅसचा वास आला, आणि समोर स्वयंपाकघरात हिराजी माझ्यासाठी चहाचं आधण ठेवून लायटर हातात घेत होता. शेगडीची नळी सुटली होती. मी इतक्या जोरात ओरडलो की त्याच्या हातून लायटर पडला. खिडक्या उघडून आम्ही अंगणात येऊन बसलो, आणि मी त्याला म्हणालो, बस झालं. गॅरेजमध्ये मी आहे, घरात कोण आहे? वहिनींना सांग. तो हो म्हणाला. आधी म्हणाला, गणपती होऊ दे. मग म्हणाला, तिच्या भाच्याचा साखरपुडा होऊ दे. मग म्हणाला, सांगतो रे, माझ्या मागं लागू नको. मी काय कमी हट्टी? शाळेत पोरांनी गृहपाठ टाळला की मी जसा करायचो तसं मी मोजायला लागलो, आज किती वेळा टाळलं.

आणि मग माझ्या गाडीचा पिवळा दिवा लागला. मी गाडी घेऊन गेलो. वाटेत पंप लागला, तिथं सवयीनं टाकी भरून घेतली... गळ्यापर्यंत. यंत्रावर उमटलं, मोठी गळती. हिराजीनं झाकण बघितलं, ते चांगलं होतं. बॅटरी मारून बघितलं तर भरायची मान खाऱ्या वाऱ्यानं खाल्ली होती, वरच्या अंगाला गंजून भोक पडलं होतं, आणि कोळशाचा डबा पेट्रोलनं चिंब. मान आणि डबा दोन्ही काढावे लागणार. मी म्हणालो, काम राहू दे, आधी एक सांग, वहिनींशी बोललास? तो म्हणाला, दिवाळी होऊ दे. मी स्टुलावरून उठलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण शेवटचं आठवतं. "तू तिला सांगेपर्यंत मी इथं पाऊल ठेवणार नाही. बघ मग कोण हुंगतं ते." गाडी तिथंच टाकली आणि रिक्षानं घरी आलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला त्याचा फोन आला. हा फोन मी कोणालाही सांगितला नव्हता, वहिनींनासुद्धा नाही. त्यांना तो आधीच ठाऊक होता हे मला नंतर कळलं. तो म्हणाला, "गाडी काल राती खड्ड्यावर घेतलीय. येतोस का? पाच मिनटं. नुसतं नाक लाव आनि जा, बोलू नको माज्याशी."

मी म्हणालो, "वहिनींना सांगितलंस?"

पलीकडून नुसता पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग आधी सांग," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला.

हे आमचं शेवटचं बोलणं. शेजारच्या टायरवाल्याला त्यानं हाक मारली असती तरी चाललं असतं, पण मग चोंढीभर झालं असतं. ते तो करणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी ताणून धरलं. माझ्याशिवाय त्याचं अडतं याचा मला अभिमान होता आणि त्या तीन दिवसांत मी तो अभिमान त्याच्यावर चालवत होतो. इस्पितळात काचेपलीकडून मी त्याला पाहिलं. सगळा चेहरा पांढऱ्या पट्ट्यांत, फक्त श्वास चाललेला दिसत होता. वहिनी बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि चार दिवस बसूनच राहिलो, पण त्या फोनचं सांगितलं नाही. प्रेत घरी आणलं, रेवसकडे नेऊन अग्नी दिला... जळून गेलेल्या माणसाला पुन्हा अग्नी द्यायचा.

तेराव्यानंतर आठवड्याभरानं वहिनींनी मला बोलावून घेतलं. मी ठरवून गेलो होतो की आज सगळं सांगायचं आणि त्या जे बोलतील ते ऐकून घ्यायचं. मागच्या पडवीत बसलो. मी सुरुवात केली, "वहिनी, हिराजीला करोनापासून..."

"वास येत नव्हता," त्याच म्हणाल्या. "मना ठाव होतं, भावजी. पहिल्यापासून."

भात करपला होता म्हणे. आजारातून उठल्यावर पहिल्याच महिन्यात एकदा भात खाली लागला, घरभर करपट वास, आणि हिराजी मिटक्या मारत जेवला, वर 'झकास' म्हणाला. त्यांनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम पुन्हा करपवून बघितला. पुन्हा झकास. "मंग मी इचारलं न्हाय," त्या म्हणाल्या. "बाप्याला लाज वाटते, त्याला कशाला उघडं पाडा?" मी विचारलं, मग गॅरेज कसं चालू दिलंत? तुम्हाला भीती नाही वाटली? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि असता तर मला सोपं गेलं असतं. "वाटली ना. मी शटर ओढायचंच ठरवलं होतं. पन मंग बघितलं, तुमी स्टूल घेऊन आलात. रोज धाला येता. मी म्हनलं, चला, मास्तर हाय ना. तुमच्यावर ठेवलं मी."

त्या दिवशीचं मग त्यांनीच सांगितलं, मी न विचारता. साडेनऊचा फोन झाल्यावर हिराजी सरळ स्वयंपाकघरात गेला आणि दारात उभा राहून म्हणाला, मंदा, तीन वर्सं मना वास येत न्हाय. त्या म्हणाल्या, ठाव हाय. तो आधी बघतच राहिला आणि मग हसायला लागला, इतका की भिंतीला टेकला. म्हणाला, तो मास्तर तिकडं रुसून बसलाय, त्याची गाडी आता करून घेऊनच जातो त्याच्या दारात, बघतो कसा बोलत न्हाय. वहिनी म्हणाल्या, उतरू नका, मी येते हुंगायला. कुकर लावलाय, दोन शिट्ट्या होऊ द्या.

"बरं म्हनाले," वहिनी म्हणाल्या. "एक शिट्टी झाली. दुसरी व्हायच्या आदी आवाज आला."

तो का थांबला नाही? आम्ही दोघांनी किती वेळा हा विचार केला असेल. गोणपाटानं वारा घातला असेल आणि पुरे झालं वाटलं असेल. किंवा तीन वर्षांचं ओझं उतरलं त्या भरात भान राहिलं नसेल. वर गळ्यापर्यंत भरलेली टाकी, गंजलेली मान, चिंब कोळसा, रात्रभर खड्ड्यात साचलेली वाफ. खाली उतरून त्यानं हातातला दिवा लावला. इतकं साधं. वहिनी म्हणतात, मी कुकर बंद करून गेले असते तर. मी म्हणतो, मी पाच मिनिटांसाठी गेलो असतो तर. दोघंही एकमेकांना 'तुमचा काय दोष' म्हणतो आणि दोघांचाही त्यावर विश्वास बसत नाही. मी बोललो त्यात खोटं काही नव्हतं. घरात कोण हुंगणार हा प्रश्न खराच होता. पण बरोबर गोष्ट मी चुकीच्या दिवशी वसूल करायला गेलो, आणि तीही त्याच्या जिवावर.

निघताना वहिनी आत गेल्या आणि पदरात काहीतरी घेऊन आल्या. माझ्या गाडीच्या टाकीचं झाकण होतं. गाडीचा सांगाडा पोलिसांनी कधीच हलवला होता, पण हिराजीनं रीतीप्रमाणे सगळ्यात आधी झाकण काढलं होतं आणि ते माझ्या स्टुलावर ठेवलं होतं. स्टूल दाराशी, बाहेरच्या अंगाला होतं, म्हणून वाचलं. मी बसायचो तिथं ते ठेवलं होतं, फडक्यावर, रबराचं कडं पुसून. "तुमचं हाय," वहिनी म्हणाल्या. "ज्याचं त्याला दिलेलं बरं." गॅरेज त्यांनी अजून विकलेलं नाही, शटर काढलेलं नाही. खड्डा तेवढा माती टाकून बुजवून घेतला.

ते झाकण आता आमच्या ओटीवर, कंदिलाच्या जुन्या कोनाड्यात आहे. ते बसवायला माझ्याकडे गाडी नाही. सकाळी दहा वाजले की अजून पाय उठतात, चपला घालून फाटकापर्यंत जातो आणि परत येतो. मग झाकण हातात घेतो, त्याचं रबर बोटानं फिरवतो, नाकाशी नेतो. पेट्रोलचा वास आहे अजून. रोज जरा कमी, पण आहे. आणि तो शेजारी उभा राहून विचारतो, उतरू का, मास्तर? घरातली माणसं ऐकतात, हल्ली ती काही म्हणत नाहीत. मी मोठ्यानं सांगतो, "थांब."